बिबड्यांचा पुरावा

मी आयुष्यात एकदाच हेरगिरी केली, आणि ती बिबड्यांसाठी.

ज्यांना बिबडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते (असे लोक असतात, आणि ते विमानतळावर नोकरीला असतात): ज्वारी भिजवायची, भरडायची, मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि चटके सोसत ओल्या कापडावर थापून उन्हात वाळवायची. होतो तो ताटाएवढा पापड म्हणजे बिबडा. जळगावच्या उन्हात तो असा कडक होतो की त्याच्याकडे रागाने पाहिलं तरी तडा जावा. लेकीच्या सासरी बिबडे पाठवायचे ते अख्खे, ही आमच्या घरची रीत. चुरा आपण खायचा, वर कच्चे शेंगदाणे घालून.

आमची रेखा लग्न होऊन मस्कतला गेली. जावई तिथे इंजिनिअर, आणि त्यांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्यांच्यापाशीच राहायच्या. विहीणबाई मूळच्या धुळ्याच्या. धुळ्याचं माणूस मस्कतला न्या नाहीतर चंद्रावर न्या, ते जळगावकरांना दोन बोटं खालीच धरणार. लग्नातच त्यांनी माझ्या शेवभाजीला "गोड हात आहे हो तुमचा" असं म्हटलं होतं. झणझणीत शेवभाजीला!

पहिल्यांदा आम्ही नवरा-बायको मस्कतला निघालो तेव्हा मी बिबड्यांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन जळगावपासून विमानतळापर्यंत गेले. विमानतळ कुठला ते सांगत नाही, कारण मला पुन्हा तिथूनच जायचं असतं. वाटेत डबा ह्यांच्याही हातात दिला नाही. तपासणीच्या टेबलावर खाकीतली एक बाई होती.

"ये क्या है?"

"बिबडे."

"मतलब?"

आता बिबड्याचा मतलब काय सांगायचा? मी म्हटलं, "पापड का बड़ा भाई."

तिने एक बिबडा उचलला, दिव्याकडे धरून पाहिला (काय दिसणार होतं? तीळ!), आत काही दडवलंय का म्हणून मोडला, आणि बाकीचे डब्यात बसेनात म्हणून वरून तळहाताने दाबले. दाबले म्हणजे, पाहुणे येणार असले की आपण कपाटात कपडे कोंबतो, तसे. कर्रर्र असा आवाज झाला. मी तोंड उघडेपर्यंत तिने डब्याचं झाकण लावून "चलिए, आगे चलिए" म्हटलंसुद्धा. मेहनत माझी, भाजलेली बोटं माझी, आणि "आगे चलिए" म्हणणारी ही कोण?

मस्कतला विहीणबाईंनी डबा उघडला आणि आत बघत राहिल्या.

"हाई काय शे?"

"बिबडे."

"हाऊ ते बठ्ठा चुरा शे."

बठ्ठा म्हणजे सगळा. मी विमानतळावरची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "आमच्या धुळ्याकडे मुळातच जाड थापतात. म्हणजे मग कुणाचं नाव पुढे करावं लागत नाही."

रेखाने खाली मान घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण लेकीच्या घरात बसून विहिणीशी भांडायचं नसतं, म्हणून मी चहा प्याले. निघताना जावयांनी ह्यांना हातात मावेल एवढा टेपरेकॉर्डर भेट दिला. हे घरी येऊन त्यावर स्वतःची भजनं टेप करायचे, स्वतःच ऐकायचे आणि स्वतःच मान डोलवायचे.

पुढच्याच वर्षी रेखाला दिवस गेल्याचा फोन आला. मी लगेच म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी, आम्ही येतो न्यायला. पलीकडे फोन विहीणबाईंनी घेतला.

"बघू," त्या म्हणाल्या. "ज्यांना बिबडे धड आणता येत नाहीत त्यांच्या हाती मी पोटुशी सून कशी देऊ?"

त्या रात्री मी जेवले नाही. (थोडी खिचडी खाल्ली, ती धरत नाही मी.) माझी लेक परक्या मुलखात बाळंत होणार, का, तर एका खाकीतल्या बाईला बिबडा कळत नाही म्हणून! आणि खोटी ठरले मी! सकाळी हे टेपरेकॉर्डर कानाला लावून मान डोलवत होते, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, ह्यात दुसऱ्यांचा आवाज पण टेप होतो ना?"

"होतो की. का गं?"

"आपण त्या बाईला टेप करायचं. कर्रर्र आवाजासकट. आणि विहीणबाईंना ऐकवायचं."

हे तहसील कचेरीत जन्मभर खालमानेने नोकरी केलेले. ह्यांचा चेहराच उतरला. "अगं, धरतील आपल्याला."

"धरू द्या. तेही टेप होईल."

मग मी नव्याने बिबडे केले. पत्र्याचा डबा पाहिला की तपासणीवाल्यांना संशय येतो, पिशवी बरी, असा ह्यांचा सल्ला. म्हणून रेक्झिनच्या पिशवीत जुन्या साडीच्या घड्यांमध्ये बिबडे बसवले आणि वर टॉवेलात गुंडाळून टेपरेकॉर्डर ठेवला. विमानतळावर पोचलो तर तपासणीला ही रांग. पिशवी मांडीवर घेऊन आम्ही खुर्च्यांवर बसलो. टेपचं बटण खट्ट वाजतं आणि टेबलापाशी ते दाबलं तर बाई सावध होईल, म्हणून मी ते तिथेच, आधीच दाबून ठेवलं. एवढी अक्कल पोलिसांनासुद्धा नसते, असं मला तेव्हा वाटलं.

शेजारी सोनगीरच्या एक बाई मुलाकडे निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पिशवीत काय जपून धरलंय एवढं?" आपल्याकडची बाई भेटली की माणसाला बरं वाटतं. मी त्यांना मागच्या वेळची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, अगदी हातवाऱ्यांसकट. त्या "अग्गं बाई, अग्गं बाई" करत होत्या आणि हे तिसरीकडेच बघत होते.

आमची पाळी आली. टेबलावर तीच बाई! निदान मला तरी तीच वाटली. खाकीत सगळ्या सारख्याच कडक दिसतात. तिने पिशवी उघडली, टॉवेल उलगडला, आणि टेपचा तांबडा दिवा पाहून दोन पावलं मागेच सरली. मग शिट्टी काय, दोन शिपाई काय, एक साहेब काय! आमच्या मागची रांग भिंतीला जाऊन चिकटली. सोनगीरच्या बाईंनी तर मला कधी पाहिलंच नव्हतं असा चेहरा केला.

साहेबांनी ह्यांना विचारलं, "ये टॉवेल में क्यों लपेटा?"

"साहब, इसको धूल लगती है," हे म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली होती.

"और चालू क्यों है?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "भजन है." साहेबांनी यंत्र कानाला लावलं. यंत्र भजन म्हणत नव्हतं, ते साहेबांना टेप करत होतं! त्यांनी बटण दाबून ते बंद केलं, मागचं झाकण काढलं आणि सेल काढून टेबलाच्या खणात टाकले. सेल विमानात न्यायला बंदी आहे म्हणे. आम्हाला तासभर बसवून ठेवलं, ह्यांचे बूटसुद्धा वाकवून पाहिले, आणि मग पिशवी हातात दिली.

पण विमानात बसल्यावर माझ्यासारखी खुशीत दुसरी बाई नव्हती. सेल गेले तर जाऊ देत, कॅसेट आतच होती. पुरावा माझ्या मांडीवर होता. मी ह्यांना म्हटलं, "बघाच आता." हे डोळे मिटून बसले होते. झोप लागली नव्हती, हे मला माहीत आहे.

मस्कतला विहीणबाईंनी पिशवीत हात घातला आणि चुऱ्याची मूठ बाहेर काढली. मी म्हटलं, "थांबा. आज मी तोंडाने सांगणार नाही. तुम्ही कानांनी ऐका." जावयांनी नवे सेल घालून कॅसेट मागे फिरवली. रेखा दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मला भरून आलं. मी बटण दाबलं.

आधी ह्यांच्या भजनाचं शेपूट आलं. मग खुर्च्यांचा गोंगाट, आणि मग माझा आवाज. खणखणीत. मी शाळेत वर्ग घ्यायला हवे होते.

"...आमच्या विहीणबाई धुळ्याच्या ना, त्यांचा बिबडा म्हणजे घोंगडं. तो मोडेल कशाला? तो पावसात डोक्यावर घ्यावा..."

जावयांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी बटणाकडे झेपावले, तर विहीणबाईंनी माझा हात धरला. धुळ्याची पकड आहे ती.

"...आणि त्या मेलीने सगळे बिबडे अस्से दाबले—"

कर्रर्र.

"अग्गं बाई," सोनगीरच्या बाई.

"अस्से नाही हो, अस्से! दोन्ही हातांनी! अस्से!"

कर्रर्र. कर्रर्र.

मी रागात असले की मला दुसरं काही ऐकू येत नाही, असं हे नेहमी म्हणतात. ते इतक्या लोकांसमोर खरं ठरावं याचा मला फार संताप आला. एवढ्यात टेपमध्ये ती खाकीतली बाई बोलली. आवाज इतका गोड की मी ओळखलाच नाही.

"माताजी, खाने की चीज़ है, मैं सँभालके देखती हूँ, नहीं तो टूट जाएगी."

मग शिट्टी, "ये टॉवेल में क्यों लपेटा", "धूल लगती है", "भजन है", आणि खट्ट. पुरावा संपला.

विहीणबाई मुलाला म्हणाल्या, "पुन्हा लाव रे."

तीन वेळा लावायला लावलं त्यांनी. तिसऱ्या वेळी जावई मोरीत तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. हे मात्र शेवटपर्यंत मान खाली घालून बसले. रेखाच्या बाळंतपणाचं आता विसरायचं, असं मी मनाशी म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"रडू नका," विहीणबाई म्हणाल्या. "सून देते मी. पण मी बी येस संगे. तुम्हाला गोष्ट सांगताना करून दाखवायची सवय आहे. बाळाला कसं धरू नये हे तुम्ही कुणाला सांगायला लागलात तर?"

आणि आल्या! तीन महिने आमच्या जळगावच्या घरात राहिल्या. नात झाली, गोड झाली. पण तिला आंघोळ घातली विहीणबाईंनी, डिंकाचे लाडू वळले विहीणबाईंनी, आणि ऊन तापल्यावर माझ्याच गच्चीवर, माझ्याच पातेल्यात, मला बाजूला बसवून बिबडेही थापले विहीणबाईंनी. बोटभर जाड! शेजारणी येऊन "किती छान" म्हणून गेल्या. (त्यातल्या दोघींशी मी अजून बोलत नाही.)

परत जाताना त्यांनी ते बिबडे साध्या कापडी पिशवीत घातले. डबा नाही, साडी नाही. आम्ही त्यांना आणि रेखाला पोचवायला विमानतळावर गेलो. त्या काचेच्या दारातून आत गेल्या, आणि बाहेर कठड्याला धरून मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खाकीतल्या बाईची मनापासून आठवण काढली. बाई गं, म्हटलं, तुझं कर्तव्य कर. नीट तपास. घाई करू नकोस.

दुसऱ्या दिवशी मस्कतहून फोन आला. "बठ्ठा अख्खा पोचनात," विहीणबाई म्हणाल्या. "तपासणीची बाई फार गुणी होती. एकाला बोट लावलं नाही तिने."

मी "वा, छान" म्हणून फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं की आता मात्र वरपर्यंत तक्रार गेलीच पाहिजे. एवढी मोठी पिशवी, आणि एकदाही दाबून बघत नाहीत म्हणजे काय? देशाच्या सुरक्षेची कुणाला काळजी आहे की नाही?