जानकीमावशीचे तळपाय

जामसरहून जानकीमावशीच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. "आई गेली, बाय," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. मी तशीच शिकवत राहिले... साखर वाढली की नसा बधिर होतात, जखम झालेली कळत नाही, रोज पाय बघावेत. मुली लिहून घेत होत्या. त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलंच बोलणार आहे, पण मला राग आलाय. थोडा तिचा, बाकी सगळा माझा.

जव्हारला मी जिथे नर्सिंग शिकवते तिथे मावशी झाडलोट करायची. पहिल्या वर्षाच्या मुली एकमेकींच्या बोटाला सुई टोचायला घाबरत होत्या, तेव्हा तिनं आपलं बोट पुढं केलं. यंत्रावरचा आकडा बघून मीच घाबरले. तिला पटेना. नागलीची भाकर खाणाऱ्या बाईला साखर कुठून होणार, असं तिचं म्हणणं. पण एकदा पटल्यावर गोळ्या इमानेइतबारे घेतल्या. मग दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला आमची पेशंट तीच. पाय स्वच्छ धुऊन निळ्या स्टुलावर डोळे मिटून बसायची. मुलीनं नायलॉनचा जाड धागा तळव्याला दहा ठिकाणी टेकवायचा, कळलं का विचारायचं. मावशी दहाही वेळा "हां" म्हणायची. मुलगी लिहायची, संवेदना शाबूत. मी मार्क द्यायचे. मध्येच धागा न टेकवता विचारावं, कुठे टेकवला ते विचारावं, हे मीच शिकवलेलं. पण बाहेरून आलेल्या परीक्षकांना परतीची जीप गाठायची असायची आणि मी "चला, पुढची" करत सुटायचे. संपल्यावर मावशीला चहा देऊन म्हणायचे, तुमच्यामुळे सगळ्या पास झाल्या.

आमच्याकडची थंडी हाडात शिरते. मावशीच्या घरी सगळे विस्तवाकडे पाय करून झोपत. आम्ही प्रत्येक पेशंटला बजावतो, गरम पाण्याच्या पिशवीनं पाय शेकू नका. जामसरात अशी पिशवी असते कुणाकडे? विस्तवाचं आम्ही कधी विचारलंच नाही, कारण पुस्तकात विस्तव नव्हता. मागच्या थंडीत तिचा तळवा भाजला आणि त्याच पायानं ती चार दिवस आमचा व्हरांडा पुसत होती. लादीवर डाग दिसला तर मुलींना म्हणाली, कुनाच्या पायाला लागलंय बघा गं. तो डाग तिचाच होता. नाशिकला आधी अंगठा काढला, मग पाऊल. तोवर विष रक्तात गेलं होतं.

तिथे खाटेशी बसून मी विचारलं, "मावशी, परीक्षेत धागा कळायचा तुम्हाला?"

"नाय कळं. पोरी परीक्षेला लय घाबरत, बाय. धागा लावताना श्वास रोखत, तो सोडला का मी हां बोलं." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "नाय बोलली असती तं नापास केली असतीस ना त्यांना?"

मी तिला तिथेच ओरडले. पाऊल कापलेल्या बाईला ओरडले! पेशंट "नाही" म्हणाला तर मुलीचे मार्क जात नाहीत, उलट मुलगी बरोबर तपासतेय हे कळतं, एवढं एक वाक्य मी इतक्या वर्षांत तिला सांगितलं नव्हतं. बधिर पायांवर मार्क घेऊन माझ्या मुली नर्स झाल्या. आज त्या कुठेकुठे कुणाकुणाचे पाय तपासत असतील...

स्टूल तिथेच आहे. परवा त्यावर खोडाळ्याचे एक आजोबा बसले होते. साखरेचेच पेशंट. मुलीच्या हातातून मी धागा काढून घेतला, आजोबांना डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, "कळतंय का?"

"हां," ते लगेच म्हणाले.

मुलीनं लिहायला पेन उचललं. धागा अजून माझ्या मुठीतच होता.