ऑरेस्टची हॉलब्रूकची बाई

आमच्या टॅनर गावात कर्लिंगचा, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाचा, बर्फ तयार करतो तो ऑरेस्ट पाश्को. पाठीवर पाण्याची टाकी बांधून, उलट्या पावलांनी चालत बर्फावर थेंब शिंपडायचे, म्हणजे दगड नीट सरकतो. तीस वर्षं तो हे करतो आहे. माणूस मुलखाचा अबोल. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. दर गुरुवारी मात्र हा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून सत्तर किलोमीटरवरच्या हॉलब्रूकला जायचा, आणि कशाला ते कुणाला सांगायचा नाही.

मी इथली पोस्टमास्तर, ग्लेनिस. गावातली एखादी गोष्ट मला कळली नाही तर जेवण पचत नाही. ऑरेस्टचं काही कळेना, म्हणून मीच ठरवून टाकलं की तिकडे त्याची कुणी बाई आहे. किराणा दुकानाच्या डोरीनला तसं सांगितलं. डोरीनला सांगितलं म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच.

माझं स्वतःचं मात्र कुणालाच ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. खिडकीमागे माझ्या चहाच्या मगात सकाळी दहापासून व्होडका असायची. एका मंगळवारी मी निम्म्या गावाचं टपाल चुकीच्या खणांत टाकलं. म्हाताऱ्यांनी पाकिटं मुकाट्याने आपापसात बदलून घेतली आणि ते निघून गेले. कुणी तक्रार केली असती तर परवडलं असतं. त्या न बोलण्याची मला फार लाज वाटली.

घरी जाऊन मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईने गाव विचारलं. मी म्हटलं, ते राहू द्या, दारू सोडणाऱ्यांची सभा लांब कुठे भरते ते सांगा. आमच्याकडे सगळे असंच करतात. या सभा चर्चमध्ये भरतात; गावातल्या चर्चसमोर गाडी उभी दिसली की बोभाटा, म्हणून दारू सोडायची ती परगावी जाऊन.

तिने हॉलब्रूकची गुरुवारची सभा सांगितली. पहिल्या गुरुवारी गेले आणि गाडीतूनच परतले. दुसऱ्या गुरुवारी चर्चच्या तळघराचा जिना उतरले. कॉफीच्या भांड्यामागे ऑरेस्ट उभा होता. त्याने आपली गाडी धान्याच्या कोठाराआड लपवली होती, नाहीतर मी जिना उतरलेच नसते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक कप भरला.

"म्हणजे माझी हॉलब्रूकची बाई तूच निघालीस," तो म्हणाला. "साखर किती घालू?"

मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले.

त्या संध्याकाळी त्याची गोष्ट ऐकली. चौदा वर्षांपूर्वी स्पर्धेच्या सकाळी तो बर्फ गोठवायच्या यंत्राशेजारी पिऊन पडला होता. बर्फाचं तळं झालं आणि बाहेरगावचे आठ संघ खेळात बर्फ घासायचे झाडू हातात घेऊन काठावर उभे राहिले. ती सकाळ मला चांगली आठवत होती. यंत्र बिघडलं असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मग आम्ही एकाच गाडीतून जाऊ लागलो आणि मी उठवलेली वावडी माझ्याच मानगुटीवर बसली. "काय गं ग्लेनिस, गुरुवारच्या शर्टाला इस्त्री तूच करतेस वाटतं?" असं डोरीन भर पोस्टात विचारायची. खरं सांगावं तर ऑरेस्टचं गुपित फुटणार. मी गिळून टाकायची.

दारू सोडल्याच्या माझ्या त्र्याऐंशीव्या दिवशी, जानेवारीतल्या एका गुरुवारी, हिमवादळाने हॉलब्रूकचा रस्ता बंद केला. घरी साबणाच्या डब्यामागे एक बाटली राहिली होती. विसरले होते असं मी म्हणते, पण विसरले नव्हते. दुपारी ती टेबलावर काढून ठेवली आणि मग ऑरेस्टला फोन केला.

"दोघं जमली की सभा होते," तो म्हणाला. "कर्लिंगच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरात ये. आणि बाटली बरोबर घेऊन ये, तिला घरी एकटी सोडू नकोस."

बाटली त्याने मोरीत ओतली आणि तीन खुर्च्या मांडल्या. एक खुर्ची नेहमी जास्त मांडायची, ही हॉलब्रूकची रीत. मी म्हटलं, या वादळात कोण मरायला येतंय? तो बसला आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "मी ऑरेस्ट. मी दारुडा आहे."

तेवढ्यात दार उघडलं. गुडघ्यांपर्यंत बर्फाने माखलेली डोरीन. तिचं दुकान समोरच, आमच्या दोन्ही गाड्या तिने पाहिल्या होत्या. रंगेहाथ पकडायलाच आली होती. सहा वाजेपर्यंत गावभर होणार आणि चौदा वर्षं सांभाळलेलं ऑरेस्टचं गुपित माझ्यापायी जाणार.

ऑरेस्टने तिसरा कप भरला आणि खुर्ची पुढे सरकवली.

डोरीन बराच वेळ उभीच राहिली. मग बूट काढून कोटासकट बसली. कप तिने दोन्ही हातांनी धरला, तरी कॉफी सांडत होती. त्याच हातांत मी वर्षानुवर्षं तिकिटं दिली होती आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"मी डोरीन," ती म्हणाली. पुढचं तिला त्या दिवशी बोलवलं नाही.

आता गुरुवारी गाडीत आम्ही तिघं असतो. गावाने त्यावर काय काय रचलंय ते ऐकून ऑरेस्टसुद्धा हसतो. इथली नावं मी बदलली आहेत, गावाचंसुद्धा. एवढं मी शिकले. लोक खिडकीशी वाकून हळूच विचारतात, की तुम्ही तिघं जाता तरी कुठे? मी पाकिटाचं वजन करते आणि यंदा थंडी फार आहे म्हणते. दुकानात डोरीनही थंडीचंच बोलते, असं ऐकते.