कोरी ओळ

माझ्या अक्षराचा आणि रेघेचा मला भारी माज होता. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात आरोग्याच्या एका कचेरीत तक्ते काढायचो. पावसाळ्यात दर आठवड्याला गॅस्ट्रोचा गाववार तक्ता भिंतीवर लागायचा. एका गावाला एक ओळ, एका रोग्याला एक लाल चौकोन. ज्या ओळीत लाल जास्त, तिकडं औषधांची जीप आधी जायची. अक्षरओळख नसलेल्यालाही हा तक्ता कळतो, असं साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे आणि मी कोपऱ्यात उभा राहून फुगायचो.

एका आठवड्यात गारगोटीपलीकडच्या एका वाडीचा कागद आलाच नाही. मी त्या ओळीत पेन्सिलीनं ‘अहवाल आला नाही’ असं लिहिलं, चार पावलं मागं जाऊन पाहिलं आणि खोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मोठे साहेब यायचे होते. एवढ्या देखण्या तक्त्यात ते गिचमिड कशाला? ओळ कोरी ठेवली. कोरी ओळ म्हणजे रोगी नाही, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. तो नियम मीच केला होता.

मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. जीप नेसरीकडं गेली, कारण तिकडं लाल होतं.

पंधरा दिवसांनी त्या वाडीची नर्सबाई कचेरीत आली. चेहरा पार ओढलेला. मोठ्या साहेबांनी वाखाणलेला म्हणून तो तक्ता अजून भिंतीवरच होता. तिनं कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“दादा, माझी वाडी पांढरी कशी?”

“तुमचा कागद आला नव्हता, बाई.”

“कागद आला न्हाय म्हंजे आजारी कोण न्हाय व्हय?”

“तक्ता साहेबांनी तपासला होता,” मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

“घरटी माणसं आडवी झालती. मी बी झालतो. कागद गारगोटीला पोचवायचं ते आमचं मालक. त्येच गेलं की वो. कोण आणणार कागद?”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मलाही भांडता आलं असतं. तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. त्या आठवड्याचे आकडे तिनं बरी झाल्यावर लिहून काढले होते.

पुढं मी कागद न आलेल्या ओळीत काळ्या आडव्यातिडव्या रेघा मारू लागलो. तक्ता भिकार दिसायचा, साहेब कुरकुरायचे, पण अशा गावाला कुणीतरी जाऊन बघून यायचं. त्या वाडीला त्याचा काय उपयोग!

बाई आली त्या दिवशी मी ब्रश घेतला आणि तिच्यासमोरच ती ओळ भरत गेलो. हात सवयीचा, प्रत्येक चौकोन अगदी सारखा आला.

“ह्यातलं आमचं मालक कुठलं, दादा?” तिनं विचारलं.

मी एका चौकोनावर बोट ठेवलं. तिनं पदर सावरला आणि त्याला नमस्कार केला.