मुका कीबोर्ड

चारकोपच्या स्टुडिओत माझी बायको गाते आणि कीबोर्ड मी वाजवतो. त्या दिवशी मात्र संगीतकाराने वाजवायला दुसऱ्यालाच आणलं आणि मला कॉम्प्युटरवर बसवलं. किरकोळ अंगाचा माणूस, शर्टाच्या बाह्या अगदी निगुतीने दुमडणारा. नाव मी मुद्दामच विचारलं नाही.

आमचं सॉफ्टवेअर कीबोर्ड ओळखायला फार वेळ लावतं, आणि तोवर कीबोर्ड मुका असतो. अशा वेळी मी वायरी उपटतो, शिव्या घालतो. तो त्या मुक्या पट्ट्यांवरच शांतपणे गाणं वाजवू लागला. बायको त्याच्या बोटांकडे बघत होती. बघता बघता ती गायला लागली, सूर न मागता. माझ्याकडे ती दर वेळी आधी सूर मागते.

मग स्क्रीनवर कीबोर्ड दिसला, आवाज आला. तो तिच्याकडे बघून हसला. "आला का? चांगलं चाललं होतं ना आपलं."

त्यातलं 'आपलं' मला अजून टोचतं.

परवा घरी कॉम्प्युटर असाच शोधत बसला होता. मी मुक्या पट्ट्यांवर तेच गाणं वाजवायला घेतलं, डोळे मिटून, मन लावून. बायको दारात येऊन थोडा वेळ बघत राहिली.

"अजून सापडला नाही का रे कीबोर्ड?" तिने विचारलं.