कारण काय, ते लिहा

किस्से जमवायला मी फिरलोच नव्हतो, फिरलो होतो फॉर्म भरायला. फॉर्म प्रोफेसरसाहेबांनी पुण्याला नेले आणि किस्से माझ्या बोकांडी बसले! दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माणसाला एखादं गाव, एखादी नोकरी, एखादा बाजार का आवडतो, यावर साहेबांचा प्रबंध चालला होता. मी नंदुरबारचा, अहिराणी बोलणारा, म्हणून त्यांनी मला कारकून ठेवलं. फॉर्ममधला कारणाचा रकाना रिकामा दिसला की साहेब भडकायचे.

कोरीटला पहिल्याच शेतकऱ्याला विचारलं, "याच गावात का राहता?"

त्याने हातातलं खुरपं थांबवलं. "मंग कोठे ऱ्हाऊ? तुन्हा घर?"

साहेबांना मी सांगितलं, गाव आवडतं म्हणतोय.

लोणखेड्याच्या बायका जवळची विहीर सोडून लांबच्या विहिरीवर जायच्या. साहेबांनी दोन्हींचं पाणी चाखलं, बाटल्या भरल्या, वर दोन दिवस पोट बिघडवून घेतलं. शेवटी मी एका बाईलाच विचारलं. ती म्हणाली, "जवळनी विहीर सासूले ओट्टावरथीन दिखस." ओट्यावरून सासूचा डोळा, एवढंच कारण; तरी बाटल्या पुण्याला गेल्याच!

खांडबारा स्टेशनवरच्या हमालाला विचारलं, शेती सोडून ही नोकरी का धरली? तो म्हणाला, "वावरमा बाप वरडे. आठे नुस्ती गाडी वरडस." साहेबांनी लिहून घेतलं, 'रेल्वेविषयी ओढ.' मी कपाळाला हात लावला.

त्याच खांडबाऱ्याच्या बाजारात एक म्हातारा दर आठवड्याला चार कोस चालत एक कोंबडी घेऊन यायचा आणि संध्याकाळी तीच परत न्यायचा. भाव असा सांगायचा, की गिऱ्हाईक हसून पुढे जायचं. मी कारण विचारलं. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं.

"मन्ही पोर आठे दियेल शे. सासरना लोके माले दारमा उभं करतस नही. ती बजारले येस, तठेच घडीभर भेटस. घर पोऱ्या इचारस, काम काय शे? म्हणीसन कोंबडी. हाई लिखू नको, भाऊ."

लेकीला भेटायला यायचं, तर घरी मुलाला सांगायला कोंबडीचं निमित्त! मला फार वाईट वाटलं. मी रकाना कोरा ठेवला. साहेब चिडले, म्हणाले, मीच शोध लावतो. आणि मला न विचारता, म्हातारा मागेल तो भाव देऊन त्यांनी कोंबडी विकत घेतली. दुपारी आमच्या मुक्कामाच्या डाक बंगल्यावर तिचा रस्सा झाला.

म्हातारा रिकाम्या हातांनी उभा होता. "एकच व्हती. पैसा पोऱ्या ली लेई. आते कसाले येऊ?"

साहेबांचा असा संताप आला होता, पण बोलतो कुणाला! दुसऱ्या दिवशी मीच एक कोंबडी घेऊन त्याच्या गावी गेलो. त्याने ती हातात तोलून पाहिली आणि बोटांवर नव्या भावाचा हिशेब केला.

पुढच्या बाजारी म्हातारा हजर. शेजारी लेक भाकरी सोडून बसलेली. साहेबांनी कौतुकाने कोंबडीचा भाव विचारला. म्हाताऱ्याने बैलजोडीचा भाव सांगितला.

साहेबांनी खुशीत वही काढली आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कोंबड्यांना झपाट्याने चढता भाव.'