शकूची चढाई

शकू नांदगावची. लग्नाआधी अख्ख्या तालुक्यात तिच्या चढाईचं नाव होतं. नाशकात सासरी आल्यावर तिची कबड्डी उरली ती मोरीपुरती. भांडी घासताना ती एका दमात पुटपुटत राहायची, कबड्डी, कबड्डी. सासू मालनबाई आतून विचारायची, "भांड्यांशी सामना लागलाय का गं?"

अठ्ठ्याहत्तर साली जिल्हा संघाची निवड होती. चंदर तेव्हा पाच महिन्यांचा. नवरा सावळीराम एवढंच म्हणाला, "निवड झाली तर खेळ. नाही झाली तर विषय बंद. घरात रोजची कटकट नको." शकूने मान हलवली. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. रात्रभर पोर, पहाटे नळाची रांग.

मालनबाई चंदरला घेऊन मैदानाच्या कडेला बसली. "सून हाफपँट घालून पळणार आन् मी टाळ्या वाजवणार. लय चांगले दिवस आले," ती शेजारच्या बाईला म्हणाली. चंदरच्या डोक्यावर मात्र तिने पदर धरला होता.

शकूची चढाई आली. पाय काही विसरले नव्हते. कोपऱ्यातल्या पोरीला शिवून ती वळली. मध्यरेषा दोन हातांवर होती. तेवढ्यात कुठंतरी तान्हं पोर रडलं. पान्हा फुटला, शर्ट ओला झाला, आणि कबड्डी म्हणता म्हणता तिच्या तोंडून निघालं, "आले, आले रे राजा."

शिट्टी वाजली. दम तुटला म्हणून शकू बाद.

"अगं, रेघ समोर होती!" निवड करणारे कारभारी सर ओरडले.

ती धावत कडेला आली. चंदर गाढ झोपलेला.

"हा नाय रडला," मालनबाई म्हणाली. "ते भेळवालीचं पोर."

संघाची नावं वाचली गेली. शकूचं नव्हतं. शर्टावरूनच साडी गुंडाळून तिने झोपल्या पोराला उठवलं आणि पदराआड घेतलं.

"पुढल्या खेपेला याला घरीच ठेवू," मालनबाई म्हणाली.

"घरी ठेवला तरी मला ऐकू येईल, आत्या."

मालनबाईने चंदरच्या पायावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "सावळ्याला सांगते, निवड पुढं ढकलली."

"नको. विषय बंद झाला तर निदान झोप तरी होईल."

मालनबाईने चंदरला तिच्याकडून घेतलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"बसमध्ये झोप," ती म्हणाली. "ढकलली असंच सांगणार मी."