सिनेमा टाइप करणारे भाऊ

जगात लोक सिनेमा काढतात, चालवतात, पाडतात. आमच्या आमगावच्या कॉलेजात सिनेमा टाइप व्हायचा. टाइप करायचे बॉटनीचे लॅब अटेंडंट, भाऊ. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं; प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. समोर काळाभोर पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. दोन्ही हातांच्या एकेका बोटाने ते हळूहळू एक लांबलचक ओळ टाइप करायचे, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत. मग एंटर. कंप्युटर दहा मिनिटं घरघरायचा आणि ढिगाने पडलेल्या फोटोंचा एक छोटा सिनेमा तयार व्हायचा. कोपऱ्यात वेळ, खाली मापाची पट्टी, सगळं जागच्या जागी.

हे त्यांना कोणी शिकवलं म्हणाल, तर गरजेनं. ऑफिसने टाकून दिलेला कंप्युटर आमच्या लॅबला आला होता. त्यावर दोन फोटो एकदम उघडले की तो बसकणच मारायचा. नागपूरला इंजिनिअरिंगला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यात लिनक्स टाकून दिलं आणि सांगितलं, खिडक्या-बिडक्या उघडूच नका, काळ्या पडद्यावर हुकूम लिहा. एक हुकूम फोटो कापतो, एक त्यावर अक्षरं लिहितो, एक सगळे ओवून सिनेमा करतो. भाऊंनी एका दिवाळीच्या सुटीत ते सगळे हुकूम दोनशेपानी वहीत देवनागरीत उतरवून घेतले. बारावीला ते तीनदा नापास झाले होते, तिन्ही वेळा इंग्रजीत. म्हणायचे, "इंग्रजीनं मले तीनदा पाडलं, मॅडम. आता मी तिले कामाले लावलं."

माझी आणि त्यांची गाठ धानामुळे पडली. मी तिथे तासिकेवर शिकवायचे आणि पीएच.डी. करत होते. विषय साधा: बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, पाणी तुंबलं की बुडालेलं बी कसं उगवतं? कोरड्यात आधी मूळ निघतं. पाण्याखाली आधी कोंब निघतो, सरळ वर जातो, पाण्याबाहेर नाक काढतो आणि त्यानंतरच खाली मूळ फुटतं, असं माझं म्हणणं होतं. माझे गाईड म्हणाले, "तुमच्याकडे आधीचा फोटो आहे, नंतरचा आहे. घडताना कुठं आहे? समितीला घडताना दाखवा." माझी मुदत संपत आली होती. संशोधन समितीचं समाधान झालं नाही तर नोंदणी रद्द, तीन वर्षं पाण्यात. आणि मी तेव्हा जरा तापटच होते. आता नाही असं नाही, पण तेव्हा जास्त.

भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "जय भीम, मॅडम. घाबरू नका. पन घाईही करू नका." घाई त्यांना खपायची नाही. दोन शब्दांत मोकळी जागा सोडायला विसरलं की हुकूम चालत नाही, म्हणून ते "जागा... आडवी रेघ... आर... जागा..." असं पाढ्यासारखं म्हणत टाइप करत. मी मागून हात घालून एंटर दाबायला गेले की हाताचा तळवा आडवा धरायचे. "एंटर मारनं म्हनजे आंधनात तांदूळ टाकनं. जे मोजाचं ते पयले मोजा." आणि खरंच पूर्ण ओळ पहिल्यापासून परत वाचायचे. मी नुसती चडफडत उभी.

पट्टीचं तर त्यांना वेडच होतं. कुठल्याही फोटोवर मापाची पट्टी नसली की तो फोटो त्यांच्या लेखी फोटोच नव्हे. एका वर्षी प्राचार्य निवृत्त झाले आणि नवे आले, तेव्हा गॅदरिंगसाठी भाऊंनी सिनेमा केला. जुन्या साहेबांच्या फोटोखाली कोपऱ्यात पट्टी आणि शेजारी 'दहा सेंटिमीटर'. साहेबांनी विचारलं, "हे काय, भाऊ?" भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, मानूस केवढा होता ते मागून येनाऱ्याइले समजाले पाह्यजे ना." साहेब पोट धरून हसले.

त्याच सिनेमात भाऊंनी आणखी एक करामत केली होती. एक हुकूम असा होता की दोन फोटो दिले की मधले फोटो कंप्युटर स्वतःच बनवून द्यायचा. त्यांनी जुन्या साहेबांचा चेहरा हळूहळू नव्या साहेबांच्या चेहऱ्यात विरघळवला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. पण बरोबर मध्ये, क्षणभर, एक तिसराच गृहस्थ दिसला. अर्धं टक्कल, अर्धी मिशी, एकावर एक दोन चष्मे. आमचे हेडक्लार्क पस्तीस वर्षं नोकरीत. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ये साहब कब थे अपने यहाँ?" त्यानंतर कॉलेजात कित्येक महिने 'मधले साहेब' ही एक स्वतंत्र व्यक्तीच होऊन बसली. कुठली फाईल हरवली की मधल्या साहेबांच्या सहीला गेली, असं म्हणायचे.

माझ्या धानाचा पहिला सिनेमा मी भाऊंवर विश्वास ठेवून थेट वर्गातच लावला. उभट काचेच्या भांड्यात बी, दर पाच मिनिटांनी एक फोटो. सिनेमा सुरू झाला. कोंब वर आला, झपकन खाली गेला, मग अचानक बोटभर वाढला, परत दाण्यात शिरला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, बी लाजून राहिलं!" वर्ग खो खो हसत होता आणि माझं डोकं सटकलं होतं. लॅबमध्ये जाऊन मी भाऊंना नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पडद्यावर फोटोंच्या नावांची यादी काढली. एक, त्याच्यामागे दहा, मग शंभर, मग एक हजार, आणि कुठल्या कुठे खाली दोन.

"नावं कोनी देल्ली?" भाऊंनी विचारलं.

"मी."

"मंग त्याच्यावर कायले चिडता? तो नंबर नाही पाहात, पयलं अक्षर पाहाते. पंगतीत वळीनं बसवाचं असंल तं सगळ्याइले सारखं उंच करा. मांगं शून्य लावा." मांगं म्हणजे इथे पुढे, हे मला त्यांच्या बोटावरून कळलं. एकचं शून्य-शून्य-शून्य-एक झालं आणि बी लाजायचं थांबलं. सॉरी म्हणायला मला दोन दिवस लागले. त्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

समिती आठ दिवसांवर आली तेव्हा आम्ही खरा प्रयोग लावला. तेव्हा दुपारी तीन-तीन तास लाईन जायची. कंप्युटर बंद, कॅमेरा बंद, फोटो बंद. पहिले तीन दिवस त्या वेळात काही विशेष घडणार नव्हतं, त्यामुळे मला फिकीर नव्हती. चौथ्या दिवशी कोंब पाण्याच्या पृष्ठभागाला टेकला, आणि दहाच मिनिटांत लाईन गेली. परत आली तेव्हा खाली दाण्याला चांगलं लांब मूळ फुटलेलं. ज्या तीन तासांसाठी मी तीन वर्षं घालवली, नेमके तेच माझ्याकडे नव्हते. मी स्टुलावर बसून रडले, लाजायचं काय त्यात.

भाऊंनी सिनेमा केला. त्या तीन तासांच्या जागी त्यांनी छत्तीस काळे फोटो घातले आणि प्रत्येकावर वेळ टाकून खाली लिहिलं, 'लाईन नव्हती'. मी म्हटलं, "भाऊ, हे काढा. तुमचा तो साहेबांचा हुकूम चालवा ना. आधीचा फोटो आहे, नंतरचा आहे. मधलं तो बनवून देईल. कोणाला कळतंय?"

"टाइप करता येते," भाऊ म्हणाले. "पन करनार नाही."

"काऊन?" रागात मीही त्यांचीच बोली बोलायला लागले.

"मधले साहेब कोन होते, मॅडम? कोनीच नोते. ते धानानं केलं नाही. मी केलं हून जाईल."

"माझी नोंदणी रद्द झाली तर धान येणार आहे का सही करायला?" असं ओरडून मी दार आपटलं. ते दुसऱ्या दिवशी सुटीवर होते, त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. मी लॅबमध्ये बसले, त्यांची वही उघडली आणि तो हुकूम स्वतः टाइप केला. काय सुंदर सिनेमा झाला होता म्हणून सांगू! कोंब वर टेकतो आणि त्याच क्षणापासून खाली मूळ हळूहळू, अगदी एकसारखं उमलत जातं. मी सीडीत दोन्ही सिनेमे टाकले. एक भाऊंचा, एक माझा.

समितीपुढे जायला नागपूरला भाऊ सोबत आले. हॉलमध्ये अटेंडंटला काय काम, म्हणून बाहेर बाकावर बसले. आत पाच जण. सीडी उघडली, दोन फायली समोर. खरं सांगते, त्या वेळी तत्त्व-बित्त्व काही आठवलं नाही. आठवले ते मधले साहेब, अर्ध्या टकलासकट. मला भर समितीपुढे हसू आलं, आणि हात भाऊंच्या फायलीवर गेला. काळं तीन सेकंद चाललं. त्या हॉलमध्ये तीन सेकंद फार मोठे असतात.

एका सरांनी विचारलं, "या वेळात काय झालं?"

"माहीत नाही, सर. लाईन नव्हती."

"म्हणजे जे दाखवायचं तेच दिसत नाही."

"नाही दिसत, सर."

ते आपसात कुजबुजले. नोंदणी रद्द झाली नाही, पण मान्यताही मिळाली नाही. सहा महिने वाढवून दिले: प्रयोग परत करा, या वेळी खंड नको. मी तोंड पाडून बाहेर आले. भाऊंनी विचारलं, मी सांगितलं. तर या माणसाने चक्क टाळी वाजवली! "चला मॅडम, तर्री-पोहे खाऊ." स्टेशनसमोर उभं राहून त्यांनी दोन प्लेटी चापल्या, मला एक बळजबरीने खायला लावली आणि गाडीत आमगाव येईपर्यंत समोरच्या बायांना धान कसं उगवतं ते हातवारे करून समजावत होते. माझा असा जळफळाट झाला की विचारू नका.

मे महिन्यात परत प्रयोग लावला. नव्या प्राचार्यांनी स्वतःच्या केबिनचा इन्व्हर्टर आम्हाला दिला. आमच्याकडचा मे! बिचारे लाईन गेली की पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे आणि तासातासाला येऊन विचारायचे, "निघालं का?" चौथ्या दिवशी पावणेअकराला कोंब पाण्याला टेकला. हां हां म्हणता सगळी लॅब भरली. हेडक्लार्क, केमिस्ट्रीच्या मॅडम, कँटीनवाला. साडेअकरा झाले, बारा झाले, एक वाजला. काही नाही. हेडक्लार्क म्हणाले, "बिगड गया क्या?"

"बिघडलं नाही," भाऊ म्हणाले. "थांबून राहिलं."

सव्वा वाजता दाण्याच्या बुडाशी एक पांढरा ठिपका दिसला. मग मात्र मूळ असं सुटलं की पाऊण तासात ते लांबच लांब. प्राचार्यांनी पुठ्ठा वर उडवला. कँटीनवाल्याने सगळ्यांना चहा आणला. मी त्या गर्दीत उभी होते आणि माझ्या पाठीला घाम फुटला होता, तो काही उन्हाने नाही. माझ्या सुंदर सिनेमात मूळ पहिल्या मिनिटापासून वाढत होतं. खऱ्या बियाने अडीच तास काहीच केलं नव्हतं. हवा मिळाल्यावरही ते थांबलं होतं, आणि ते का थांबतं हेच पुढे माझ्या प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण झालं. समितीतल्या त्याच सरांनी तो सिनेमा तीनदा लावायला सांगितला. मी डॉक्टर झाले.

भाऊ निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. निरोपाचा कार्यक्रम आटोपल्यावर ते लॅबमध्ये शेवटची आवराआवर करत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, एक सांगायचंय. तुम्ही लग्नाला गेला होता तेव्हा मी तो साहेबांचा हुकूम चालवला होता. खोटा सिनेमा केला होता. नागपूरला घेऊनही गेले होते."

"माहीत हाय."

"कसं?"

"कीबोर्डावरचा वरचा बान दाबला का मांगं कोनं काय टाइप केलं ते सगळं दिसते, मॅडम. आल्या आल्या पाह्यलं होतं."

मी थक्क. "मग बोलला का नाहीत? चक्क माझ्यासोबत आलात, बाकावर बसलात!"

भाऊ चष्मा काढून रुमालाने पुसायला लागले. "बोलून का करू? नाव तुमचं, बी तुमचं. बाकावर बसलो होतो, पन जिवात जीव नोता. मंग तुमी बाहेर आल्या तोंड पाडून. तवा मले समजलं. खोटा लावला असता तं हासत आल्या असत्या."